चॉकलेटवर पांढरं आलंय म्हणून डबा फेकू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: भावानं परदेशातून तीनेक किलो खाऊ आणला. डार्क आणि मिल्क चॉकलेटच्या वड्या, आत काहीतरी भरलेली चॉकलेटं, टॉफी, गमीज, बटर कुकीज. खराब होऊ नये म्हणून सगळं एका हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं. रोज रात्री जेवणानंतर डबा बाहेर येतो, सगळे एक-दोन खातात, डबा परत आत जातो. तीन आठवड्यांत चॉकलेटवर पांढरट थर आला, टॉफी कागदाला चिकटायला लागली, कुकीज मऊ पडल्या. थोडं चॉकलेट ब्राउनीत घालावं म्हणून वितळवलं, घट्ट वाटलं म्हणून दोन चमचे दूध घातलं, तर त्याचा गोळाच झाला. शेवटी कोकोचा केक केला, तोही फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी कोरडा. ही बुरशी आहे का, आणि परदेशी माल इथे टिकतच नाही का?

आधी भीती घालवते. वड्यांवर आलंय ती बुरशी नाही. सरळ साध्या चॉकलेटच्या वडीत पाण्याचा अंश जेमतेम एक टक्का असतो आणि तेवढ्यावर बुरशी जगत नाही. भरलेल्या चॉकलेटांचं तेवढं वेगळं आहे, त्याकडे पुढे येते.

मी गेली अठरा वर्षं केक आणि चॉकलेटं करते, त्यातली दहा-अकरा वर्षं शिकवतेही. दर मोठ्या सुट्टीनंतर वर्गात कुणी ना कुणी असाच डबा काखोटीला मारून येतं. तुम्ही पाच तक्रारी लिहिल्यात. केक सोडला तर बाकी चारही ठिकाणी मला एकच चोर दिसतो, तो म्हणजे पाणी. आणि दुधाचा गोळा वगळला तर त्याला दार उघडून दिलंय ते डब्याच्या त्या रोजच्या ये-जा करण्यानं. माल परदेशी असण्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी स्वतः केलेली चॉकलेटं त्या डब्यात ठेवली असती तरी त्यांची हीच गत झाली असती.

बघा काय होतं ते. खोलीत ३० अंश तापमान आणि ७० टक्के दमटपणा असेल, तर साधारण २४ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. फ्रिजमधून आलेलं चॉकलेट असतं चार-पाच अंशांवर. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसाच घाम त्या वडीला फुटतो, फक्त तो डोळ्यांना दिसेल इतका नसतो. ते पाणी वरची साखर विरघळवतं. डबा परत आत गेला की पाणी उडून जातं आणि साखर मागे राहते, खडबडीत पांढऱ्या कणांच्या रूपात. शिवाय डबा उघडलात तेव्हा त्यात खोलीची दमट हवा शिरली आणि तुम्ही झाकण घट्ट लावून ती आत कोंडलीत. हवाबंद डब्याची गंमत अशी की तो आतली हवाही बाहेर जाऊ देत नाही. एकवीस दिवस, एकवीस वेळा.

पण पांढरं दोन प्रकारचं असतं आणि तुमच्याकडे कुठलं आहे ते मला इथून कळणार नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल. एक वडी हातात घ्या. पांढऱ्या भागावर बोटाचं पेर दहाएक सेकंद टेकवा आणि मग हलकेच घासा. थर बोटाखाली विरला, बोट तुपकट लागलं आणि खालचा तपकिरी रंग उजळला, तर ते वर आलेलं कोको बटर. बोटाला बारीक रव्यासारखं खरखरीत लागलं आणि थर तसाच राहिला, तर ती साखर. अजून शंका असेल तर पाण्याचा एक थेंब टाका. कोको बटर असेल तर थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहतो, साखर असेल तर पसरतो आणि मुरतो. माझा अंदाज आहे की तुमच्या वड्यांवर साखर असणार, पण एखाद-दुसऱ्या वडीवर दोन्ही निघाली तरी नवल नाही, कारण प्रवासात बॅग कुठे कुठे तापली असेल हे कोण सांगणार.

कोको बटर वर येतं ते उष्णतेमुळे. हे स्निग्ध पदार्थ मोठे लहरी. कोको बटर सहा वेगवेगळ्या रचनांमध्ये गोठू शकतं आणि चॉकलेट करणाऱ्याला त्यातली पाचवी हवी असते. तिच्यामुळे वडीला चकाकी येते, मोडताना कट्‌ असा आवाज येतो, आणि ती ३३-३४ अंशांना वितळते, म्हणजे हातात टिकते आणि जिभेवर विरघळते. ही रचना आपोआप मिळत नाही. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं, याला टेंपरिंग म्हणतात. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत वडी तापली की ही सगळी मेहनत वाया जाते. वितळलेलं कोको बटर पृष्ठभागावर येतं आणि कसंही गोठतं. खूप महिने पडून राहिलेल्या चॉकलेटवरही हा थर येतो, कारण पाचवी रचना हळूहळू सहावीत बदलत जाते. मग काही न करताही चॉकलेट फिकं आणि भुसभुशीत होतं.

दोन्ही प्रकार खायला सुरक्षित आहेत. चव मात्र उतरते, आणि ते कबूल करायला हवं. साखर वर आलेली वडी जिभेला आधी खरखरीत लागते आणि मग सपक. म्हणून मी अशा वड्या नुसत्या खात बसत नाही, वितळवून कामाला लावते. कोको बटर वर आलेलं चॉकलेट तर वितळवून पुन्हा टेंपर केलं की नव्यासारखं होतं. साखर वर आलेल्याचं तसं होत नाही. ते थोडं घट्ट आणि दाणेदार राहतं, त्यामुळे त्याचं नाजूक आवरण करायच्या फंदात पडू नका. ब्राउनीत, सॉसमध्ये, गरम दुधात कुणाला पत्ता लागणार नाही.

मग ठेवायचं कसं? चॉकलेटला १५ ते १८ अंश आणि कोरडी हवा लागते. घरात अशी जागा असेल, ओव्हनपासून लांबचं एखादं कपाट, तर फ्रिजचं नावही काढू नका. खोलीच तिशीच्या वर असेल तर फ्रिजशिवाय इलाज नाही, पण मग तो नीट वापरायचा. आठवडाभर पुरेल एवढ्या लहान लहान पुड्या करा. प्रत्येक पुडी आधी फॉइलमध्ये, मग झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. लागेल ती एकच पुडी बाहेर काढायची आणि ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे दीड-दोन तास, अजिबात उघडायची नाही. घाम पिशवीला फुटू दे, चॉकलेटला नको. एकदा बाहेर काढलेली पुडी परत आत जायची नाही. घट्ट गुंडाळायचं आणखी एक कारण आहे: कोको बटर वास ओढून घेतं. कापलेल्या कांद्याशेजारी उघड्या ठेवलेल्या वडीला कांद्याचा वास लागतो, आणि तो ब्राउनीतही जात नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, चाळीस ब्राउनींची ऑर्डर परत केलीय.

आता भरलेली चॉकलेटं. सगळ्यात आधी ती संपवा. आत क्रीमचं, फळाचं किंवा लोण्याचं सारण असेल तर त्यात पाणी असतं, आणि पाणी आलं की बुरशीलाही वाव मिळतो. एक सुरीनं मधोमध कापून बघा. सारणावर लव आली असेल, हिरवट-काळपट ठिपका असेल, आंबूस वास येत असेल तर ते टाकून द्या, खरवडून खाऊ नका. सुक्या मेव्याचं सारण असेल तर वासावर जा: जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला म्हणजे तेल खवट झालंय. अशा चॉकलेटांवर पांढरेपणाही लवकर येतो, कारण बदाम-हेझलनटचं तेल झिरपत झिरपत बाहेरच्या थरात शिरतं आणि कोको बटरला हलवून सोडतं. उलट साध्या डार्क वड्या वर्षभरही थांबतात. लोक नेमकं उलटं करतात, सुंदर खोक्यातली भरलेली चॉकलेटं पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि साध्या वड्या आधी फस्त करतात.

टॉफी आणि कुकीज यांना एकत्र ठेवणं हा तुमच्या डब्यातला दुसरा घोटाळा. डब्यात पाणी जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे सरकत राहतं, सगळ्यांची पातळी एक होईपर्यंत. कुकी कोरडी असते, ती मऊ सारणातलं आणि गमीजमधलं पाणी पिते. टॉफी म्हणजे आपल्या भाषेत गोळीबंद पाक, साधारण १२० अंशांपर्यंत शिजवलेला, वर लोणी आणि दूध. कडक गोळ्या म्हणजे तोच पाक १५० पर्यंत नेलेला, त्यात पाणी एक-दोन टक्केच उरतं. पाक जितका कडक शिजवलेला, तितका तो हवेतल्या ओलाव्याला हावरट. म्हणून टॉफी आणि गोळ्या एका बरणीत, कुकीज दुसऱ्या, चॉकलेटं तिसऱ्या.

कुकीज वाचतील. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये सहा-सात मिनिटं ठेवा आणि जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मऊच लागतील, घाबरून परत आत टाकू नका. कुरकुरीतपणा गार होताना येतो. चॉकलेट लावलेल्या किंवा मध्ये क्रीम असलेल्या कुकीजना मात्र हे औषध चालणार नाही. टॉफी चिकटली असेल तर कागद सोलत बसू नका. तासभर फ्रीझरमध्ये घाला, कागद सुटतो. मग सगळ्या टॉफी एका जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर घाटायच्या, दर १०० ग्रॅमला तीन-चार चमचे क्रीम आणि मिठाची चिमूट. झाला सॉस.

कुकी जुनी झाली की मऊ पडते आणि केक जुना झाला की कडक होतो. हा फरक इतका पक्का आहे की ब्रिटनमध्ये १९९१ साली एका कर-न्यायाधिकरणापुढे तो पुरावा म्हणून आला. तिथे चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर कर होता, केकवर नव्हता, आणि वाद होता जाफा केक्स नावाच्या चपट्या गोल पदार्थाचा. तो शिळा झाल्यावर कडक होतो, हा त्याला केक ठरवणाऱ्या मुद्द्यांपैकी एक होता. मी हे प्रत्येक बॅचला सांगते, कारण यातून तुमच्या केकचं उत्तर मिळतं.

केकमधलं पाणी कुठे गेलं नाही, निदान एका रात्रीत फार गेलं नाही. भाजताना मैद्यातल्या पिष्टानं पाणी धरून फुगवटा घेतलेला असतो. गार झाल्यावर ते पिष्ट हळूहळू पुन्हा आखडतं, आणि हे आखडणं सगळ्यात जोरात होतं ते फ्रिजच्या तापमानाला, चार-पाच अंशांवर. त्यात लोण्याचा केक असेल तर लोणीही गोठतं. म्हणून साधा केक फ्रिजमध्ये ठेवायचाच नाही. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, झाकून. जास्त दिवस ठेवायचा असेल तर काप करून, प्रत्येक काप गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये. तिथे हे आखडणं जवळजवळ थांबतं. वर क्रीम असेल तर फ्रिज टाळता येत नाही, मग केक तेलाचा करा, तो गारठ्यात मऊ राहतो. आणि कोरडा झालेला काप मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद फिरवलात तर पुन्हा मऊ होतो, पण तेवढ्यापुरताच, लगेच खायचा.

केक मुळातच कोरडा झाला असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही पाककृती दिली नाहीत म्हणून नक्की सांगता येत नाही, पण दोन शंका आहेत. एक, कोको. साधा कोको आंबट असतो आणि सोड्याला फुगवतो. अल्कली लावून गडद केलेला, ज्याला डच कोको म्हणतात, तो आंबट नसतो. पाककृतीत फक्त सोडा असेल आणि तुम्ही डच कोको घातलात, तर सोडा तसाच पडून राहतो, केक बसका होतो आणि साबणासारखी चव येते. अशा वेळी बेकिंग पावडर लागते, किंवा सोड्याच्या जोडीला दही-ताकाचा आंबटपणा. दुसरी शंका, कप. पाककृती परदेशी असेल तर कप कुठला हे आधी विचारायचं. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, आणि ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलिलिटरचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५. त्यावर कुणी मैदा कपात दाबून भरतं, कुणी चमच्यानं भुरभुरवतं. एका कपात २०-३० ग्रॅमचा फरक मी वर्गात दर वेळी मोजून दाखवते. एवढा मैदा जास्त गेला की कुठलाही केक कोरडा होतो. वजनकाटा घ्या. बेकिंगच्या सामानातली पहिली खरेदी तीच असावी असं माझं मत आहे, सुंदर साचे नंतर.

दोन चमचे दुधाच्या गोळ्याकडे येते. चॉकलेट म्हणजे साखरेची आणि कोकोची अतिशय बारीक पूड, कोको बटरमध्ये तरंगणारी. त्यात पाण्याचा जरासा अंश गेला की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. साखरेच्या डब्यात ओला चमचा घातल्यावर जे होतं तेच. दूध म्हणजे बहुतांश पाणीच. यावरून आठवलं, स्वित्झर्लंडमधल्या डॅनियल पीटरला याच पाण्यानं वर्षानुवर्षं छळलं होतं. दूध आणि चॉकलेट एकत्र नांदेनात. दुधातलं पाणी आटवून काढायची युक्ती हाती लागली तेव्हा कुठे १८७५ च्या सुमारास मिल्क चॉकलेट जमलं. तेव्हा तुमच्या गोळ्यानं मनाला लावून घेऊ नका.

उपाय ऐकून माझे विद्यार्थी हमखास हसतात: अजून पाणी घाला. थोड्या पाण्यानं कण चिकटतात, पुरेशा पाण्यानं सुटे होतात. गोळा झालेल्या चॉकलेटमध्ये गरम दूध किंवा क्रीम एकेक मोठा चमचा घालत जोरात फेटा. ६० ग्रॅमला निदान एक मोठा चमचा द्रव हवा, बहुधा त्याहून थोडा जास्त लागतो. आधी आणखी भयानक दिसेल, मग एकदम चकचकीत होईल. त्याचं आवरण होणार नाही, पण सॉस आणि गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं दाट मिश्रण, उत्तम होतं. आणि पुढच्या वेळी चॉकलेट घट्ट वाटलं तर दूध नको, चमचाभर लोणी किंवा वास नसलेलं तेल घाला.

वितळवण्याबद्दल दोनच गोष्टी. भांडं, चमचा, हात कोरडे ठणठणीत हवेत. आणि घाई नको: बारीक चिरून, गरम पाण्यावर भांडं ठेवून, भांड्याचा तळ पाण्याला न टेकवता. दोन तृतीयांश वितळलं की खाली उतरवा, बाकीचं त्याच उष्णतेत वितळतं. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या ताकदीवर वीस-वीस सेकंद आणि दर वेळी ढवळायचं. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटमधलं दूध लवकर करपतं, त्यांना ४५ अंशांच्या वर नेऊ नका.

ब्राउनी करायचीच असेल तर माझं प्रमाण देते, २० सेंटीमीटरच्या चौकोनी साच्यासाठी: डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, लोणी १५०, साखर २५०, अंडी तीन, मैदा १००, अर्धा छोटा चमचा मीठ. चॉकलेट आणि लोणी एकत्र वितळवून कोमट करा. अंडी आणि साखर मात्र निदान पाच मिनिटं फेटायची, फिकट आणि दाट होईपर्यंत, चिमटीत घेतल्यावर साखरेचा कण जवळजवळ लागणार नाही इतकी. वरची ती पातळ, तडकणारी, चमकदार पापडी चॉकलेटमुळे येत नाही, ती या विरघळलेल्या साखरेमुळे येते. मग चॉकलेट, मग मैदा-मीठ चाळून, आणि मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. काडी घातल्यावर ओलसर चुरा लागून आला पाहिजे. स्वच्छ आली तर उशीर झाला. ओव्हनचा आकडा खरा असतोच असं नाही, माझा जुना ओव्हन २० अंशांनी खोटं बोलायचा. आत ठेवायचा स्वस्तातला थर्मामीटर मिळतो.

तुमच्या डब्यातलं मिल्क चॉकलेट यात घालायचं असेल तर साखर ५०-६० ग्रॅमनं कमी करा आणि २५ ग्रॅम मैद्याच्या जागी तेवढाच कोको घाला, नाहीतर नुसतं गोड गोड लागतं. वडीवरचा ७० टक्के हा आकडा कोकोच्या दाण्यातून आलेल्या सगळ्याचा, म्हणजे कोको बटर धरून. उरलेली ३० टक्के बहुतेक साखरच. मिल्क चॉकलेटमध्ये साखर त्याच्या दीडपट सहज असते. भरलेली चॉकलेटं वितळवून घालू नका, सारणानं सगळं प्रमाण बिघडतं. ती थंड करून, चिरून वरून खोचा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी राहवत नाही. फ्रिजमधलं चॉकलेट थेट तोंडात टाकणं म्हणजे त्याचे निम्मे पैसे पाण्यात. गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते आणि कोको बटर वितळत नाही, त्यामुळे वास सुटत नाही. खोलीच्या तापमानाचा लहानसा तुकडा घ्या, दोनदा चावा आणि मग जिभेवर ठेवून थांबा. मध्ये कोमट पाण्याचा घोट. एका वेळी तीन प्रकार पुरे, चौथ्यापासून जीभ बधिर होते. अमेरिकी मिल्क चॉकलेट काहींना किंचित आंबूस लागतं. ते बिघडलेलं नसतं, काही कारखान्यांच्या दुधाच्या प्रक्रियेत ब्युटिरिक आम्ल तयार होतं, जे मुरलेल्या चीजमध्येही असतं. तिथे वाढलेल्यांना तीच चव खरी वाटते.

लेबलही वाचा, परदेशी खाऊत ते फार उपयोगी. अमेरिकी तारखेत महिना आधी येतो, म्हणजे ०४/०५ हा पाच एप्रिल, चार मे नव्हे. ‘बेस्ट बिफोर’ उलटली म्हणजे चव उतरणीला लागली, विष झालं असं नाही. ‘यूज बाय’ मात्र पाळायची. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानं चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज पाच टक्क्यांपर्यंत ठरावीक वनस्पतिजन्य स्निग्ध चालतात, आणि त्या सहाच्या यादीत चक्क कोकम, साल वृक्षाचं बी आणि आंब्याची कोय आहे. शाकाहारी असाल तर गमीज आणि मार्शमेलोवर जिलेटिन शोधा, ते प्राण्यांपासून येतं. त्याऐवजी पेक्टिन किंवा ई ४४० लिहिलं असेल तर ते फळातलं. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून, ई ९०४ ही चकाकी लाखेची. लहान मुलं खाणार असतील तर भरलेल्या चॉकलेटात रम किंवा लिकर आहे का तेही पाहून घ्या.

डब्यात तळाशी काळ्या गोळ्या निघाल्या तर त्या ज्येष्ठमधाच्या. फिनलंड-नेदरलंड्सकडच्या असतील तर त्यात अमोनियम क्लोराइडही असतं, नवसागर. पहिल्या गोळीला बहुतेक जण तोंड वेडंवाकडं करतात, तिसरीला काही जण प्रेमात पडतात. मी दुसऱ्या गटातली. पण खऱ्या ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिननं शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन चाळिशीपुढच्यांना सांगतं की रोज दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, असं दोन आठवडे खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात रक्तदाबाची गोळी घेणारं कुणी असेल तर ती पुडी त्यांच्यापासून लांब ठेवा.

तर या शनिवारी: भरलेली चॉकलेटं कापून बघा आणि चांगली निघतील ती खाऊन टाका, कुकीज ओव्हनमध्ये, टॉफीचा सॉस, पांढऱ्या वड्यांची ब्राउनी, आणि तो दुधाचा गोळा अजून फेकला नसेल तर त्यात गरम क्रीम. गमीजचं काही करता येत नाही. त्या मुलांना द्या.